खिशातली सोनेरी पट्टी

आमच्या घरातली माणसं कात्रीच्या आवाजानं जागी व्हायची. बाबांना सकाळचा चहा घशाखाली उतरायच्या आधी एक तरी कापड बेतून ठेवायची सवय होती. लाकडी फळीवर कात्री चालायची तेव्हा तिचा एक लांब, न तुटणारा आवाज यायचा. त्या आवाजावरून मला अंथरुणातच कळायचं की आज सुती कापड आहे, की लोकरीचं आहे, की कोणाच्या घरातलं जुनं धोतर फाडून पोराचा सदरा चालला आहे. बुलढाण्याजवळच्या धाड गावात, बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं लांबोडकं घर होतं. पुढे दुकान, मागे चूल, मध्ये एक पडदा. पडद्याच्या अलीकडे कोळशाच्या इस्त्रीचा वास आणि पलीकडे मायच्या ठेच्याचा ठसका. गिऱ्हाईक माप द्यायला उभं राहिलं की हमखास शिंकायचं आणि बाबा टेप धरून शिंक संपायची वाट पाहायचे. दुपारी ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी नाहीतर नुसतं तेल-तिखट, आणि जेवण झालं की पुन्हा मशीनची घरघर. एसटी गेली की फळीवरचा खडू हलायचा. इतकं सगळं अजून कानानाकात शिल्लक आहे. माणसं मात्र एकेक करून निघून गेली.

मी दुसरं अपत्य. दादा, म्हणजे प्रभाकर, माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. मला आठव्या वर्षापासून काज-बटनाचं काम होतं. सुई माझ्या हातात चालायची हे मी आज म्हातारपणी लाजेनं सांगत नाही आणि तेव्हाही सांगत नव्हते. पुढे जन्मभर मुलींना शिवण शिकवलं, पण हात बनला तो त्या पडद्याजवळ बसून. माझी तुरपाई उलट बाजूनं पाहिली तरी टाका दिसत नसे. बाबा कमी बोलायचे, शाबासकी तर कधीच द्यायचे नाहीत. माझं काम झालं की अंगठा एकदा त्या कडेवरून फिरवायचे आणि कपडा घडीवर ठेवायचे. तेवढ्यावर मी दोन दिवस फुगून चालायचे.

आमच्या जातीधंद्यावर एक म्हण आहे, तुम्हीही ऐकली असेल. सोनार, शिंपी, कुलकर्णी अप्पा, यांची संगत नको रे बाप्पा. शाळेत एका मुलीनं ती माझ्या तोंडावर म्हटली तेव्हा मी तिच्या डोक्यात पाटी घातली होती. मास्तरांनी मला दिवसभर उभं केलं, पण मला पश्चात्ताप झाला नाही. शिंपी कापड मारतो, असं सगळं जग म्हणायचं, आणि म्हणताना हसायचं. शिंप्यानं दोन वितीचं कापड मारलं तर त्याचा कोणाला फारसा रागही यायचा नाही. मांजरीनं दूध प्यावं तसं ते धरून चाललेलं असायचं. बाबांनी मात्र स्वतःपुरता एक नियम घातला होता. कापून उरलेला तुकडा वितीपेक्षा मोठा असेल तर तो गिऱ्हाइकाचा. वितीच्या आतलं कातरण आमचं, आणि त्याच्या माय गोधड्या शिवायची. तुकडा ठेवायचा की द्यायचा असा प्रश्न आला की बाबा फळीवर हात पसरून खरोखर वीत टाकायचे. माय म्हणायची, माणसाची वीत आणखी लांब असती तर आमच्या गोधड्या मोठ्या झाल्या असत्या. बोलायची चेष्टेनं, पण बाजारात ती म्हण कोणी काढली की मान ताठ करून सांगायची, माह्या घरी या, वीत टाकून दाखवते.

बाबांची दुसरी ख्याती काडीची. तेव्हा टेरिलीनचं खूळ नवं होतं. इस्त्री नको, चुरगळत नाही, धुतलं की तासात वाळतं, म्हणून जो तो वेडा झाला होता. बाजाराच्या दिवशी फिरते कापडवाले यायचे आणि हेच ते, मुंबईचं, म्हणून काहीबाही गळ्यात मारायचे. शहाणी माणसं घ्यायच्या आधी एक धागा मागून आणायची आणि आमच्या दुकानात यायची. बाबा बिडीची काडीपेटी काढायचे, धागा चिमटीत धरून पेटवायचे. सुती असेल तर कागद जळल्याचा वास आणि मऊ राख. टेरिलीन असेल तर धागा आक्रसायचा आणि टोकाशी मोहरीएवढा काळा, टणक मणी राहायचा. तो मणी ते माणसाच्या तळहातावर ठेवायचे. धाडमध्ये बाबांच्या काडीवर अपील नव्हतं.

खऱ्या मालाच्या काठावर मिलचं नाव सोनेरी अक्षरांत छापलेलं असायचं. त्या नावाचा थाट काय सांगू! लोक कापड शिवायला टाकताना बजावायचे की नावाचा काठ वाया घालवू नका. मग पँट शिवताना तो काठ खिशाच्या तोंडाशी आतून लावायचा. हात खिशात घातला आणि सहज बाहेर काढला की पट्टी जराशी उलटून चमकायची. बुलढाण्याच्या कॉलेजातले पोट्टे म्हणे तासन्‌तास खिशात हात घालून उभे राहायचे. माझ्याकडे अशा पट्ट्यांचे वितीच्या आतले तुकडे एका पत्र्याच्या डब्यात जमवलेले होते. मला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण ती सोनेरी अक्षरं मी बोटानं गिरवायचे.

दादा त्या कॉलेजात होता. आमच्या घरातला पहिला. खोली करून राहायचा, पंधरवड्यानं घरी यायचा, आणि प्रत्येक खेपेला थोडा थोडा गप्प होत चालला होता. मायनं खोदून विचारलं तेव्हा कळलं की पोरं त्याला सुई-दोरा म्हणतात. बापाचा धंदा शिवायचा आणि पोराच्या अंगावर मांजरपाटाचा पायजमा. मायला ते फार लागलं. तिनं कुठूनतरी जमवाजमव करून त्याला पँटीचं कापड घ्यायला पाठवलं. तेव्हाच आमच्या फळीवर वामनरावांचं कापड येऊन पडलं होतं.

वामनराव म्हणजे गावातलं बडं प्रस्थ. जीप होती, मळा होता, आणि थोरल्या मुलाचं लग्न काढलं होतं. त्यांच्या एका सोयऱ्यानं मुंबईहून टेरिलीनचं राखी कापड आणलं. कोट, पँट आणि आतलं जाकीट, असं तिन्ही वामनरावांना स्वतःला शिवायचं होतं. देह मोठा, कापड बेताचं. बाबांनी तीनदा बेतून पाहिलं, खडूच्या रेघा पुसून पुन्हा मारल्या, आणि शेवटी सांगितलं की जाकीट बसत नाही. वामनराव म्हणाले, सोयऱ्यानं तर बराबर मापून आणलं होतं बा. मग हसून सोडून दिलं. लग्नाच्या गडबडीत जाकिटाचं कोण घेऊन बसतो! तुम्ही मात्र ते लक्षात ठेवा.

दादाची नजर त्या राखी कापडावर. बाजारातून त्यानं हुबेहूब तसलाच रंग धुंडून आणला. हातात घेतलं तर तीच झळाळी, तोच गुळगुळीतपणा. काठावर नाव तेवढं नव्हतं. बाबांनी धागा जाळला. राख झाली. बाबा म्हणाले, कापड वाईट नाही, अंगावर बसेल, फक्त मोठ्या मिलचं नाव त्याला सांगू नका म्हणजे झालं. दादानं चाचरत विचारलं, वामनरावांच्या कातरणातली एखादी पट्टी खिशाला लावली तर? बाबांनी मशीन थांबवलं. एवढंच म्हणाले, "ठसा ज्याचा त्याले शोभते." आणि पँट बिनपट्टीची शिवून दिली.

त्यानंतरच्या दुपारी बाबा दोरे-बटनं आणायला बुलढाण्याला गेले आणि माय विहिरीवर. दादा माझ्यापाशी येऊन बसला. जन्मात कधी त्यानं माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. तो मोठा, मी काज करणारी पोर. म्हणाला की फक्त कॉलेजात घालीन, गावात कधीच घालणार नाही. मी नाही म्हटलं. मग तो म्हणाला, "कुसुम, तुह्या तुरपाईपुढे बाबाची काडी बी हारते." झालं. मी वितळले. मला त्याची दया आली होती हे खरं, पण खरं बोलायचं तर दयेपेक्षा ते कौतुक गोड लागलं. मी डबा उघडला, वामनरावांच्या कातरणातली वितीपेक्षा दोन बोटं कमी असलेली पट्टी निवडली, खिशाचं तोंड उसवलं आणि अशी बसवली की जणू ती त्या कापडाबरोबरच जन्मली असावी. शिवून झाल्यावर मी स्वतःच अंगठा फिरवून पाहिला.

माझी नात पुण्यात असते. परवा आली तेव्हा तिच्या पायात कोणत्याशा परदेशी कंपनीचे बूट होते. मी किंमत विचारली तर हसली. म्हणाली, आजी, फर्स्ट कॉपी आहे, खरे कोण घेतं? मी म्हटलं, म्हणजे खोटेच ना? तर म्हणे, कंपनीकडे ढीगभर पैसा आहे, तिचं काय जातं? त्या मिलचं तरी काय गेलं होतं? मिलच्या मालकाला धाड नकाशावर दाखवता आलं नसतं. नाव त्याचं होतं, त्याच्यापाशी सुखरूप राहिलं.

वामनरावांच्या घरचं लग्न म्हणजे सगळं गाव पंगतीला. त्यातच लोणारचे एक गुरुजी येणार होते. त्यांची मुलगी दादासाठी सांगून आली होती. लग्नाच्या निमित्तानं मुलगा सहज नजरेखालून घालायचा असा त्यांचा बेत. माय म्हणाली, चांगले कपडे घाल. दादाकडे चांगला कपडा एकच होता. मी त्याला पडद्याआड गाठून दिलेल्या शब्दाची आठवण दिली. म्हणाला, खिशात हातच घालत नाही, झालं? आणि केस विंचरायला लागला.

पहिली पंगत पुरुषांची. बाबा गुरुजींच्या शेजारी बसले होते, दोघांचं जमलंही होतं. दादा बुंदी वाढत होता आणि मी मीठ. ऊन मी म्हणत होतं. दादाच्या कपाळावरून घाम पत्रावळीत पडेल अशी गत झाली, तेव्हा त्यानं घाईघाईनं खिशातून रुमाल ओढला. रुमालाबरोबर खिसा निम्मा बाहेर आला. वामनराव नेमके आग्रह करत त्याच रांगेतून येत होते, अंगावर तोच राखी कोट. त्यांना सोनेरी अक्षरं दिसली. त्यांनी दोन बोटांत तो खिसा धरला, पट्टीकडे पाहिलं, मग आपल्या कोटाकडे पाहिलं आणि बाबांकडे वळले.

"एकनाथ," ते मोठ्यानं म्हणाले, "माह्यं जाकीट सापडलं बरं का!"

रागानं नाही म्हणाले, हसून म्हणाले. आणि सगळी पंगत हसली. पाणी वाढणारे हसले, आचारी हसले. कोणीतरी ती म्हणसुद्धा म्हटली, सोनार शिंपीपासून पुढे सगळी, आणि तिच्यावर पुन्हा हशा झाला. मिठाचं ताट धरून मी तीन पत्रावळी पलीकडे उभी होते. मला वाटलं आता बाबा उठतील. त्यांच्या बंडीच्या खिशात काडीपेटी होती, मला तिचा चौकोन दिसत होता. दादाच्या पँटीचा एक धागा ओढायचा, एक काडी ओढायची, आणि सगळ्या गावासमोर राख दाखवायची. बाबांच्या काडीवर अपील नव्हतंच.

बाबांनी आधी त्या पट्टीकडे पाहिलं. त्यांनी शिवलेल्या पँटीला ती नव्हती, म्हणजे आजच ती पहिल्यांदा पाहत होते. मग दादाकडे पाहिलं. दादाचा चेहरा मी आजही विसरू शकत नाही. बुडणाऱ्या माणसासारखा तो नुसत्या डोळ्यांनी गयावया करत होता. शेजारी गुरुजी वरणभाताचा घास हातात धरून थांबले होते. शिंप्यानं कापड मारलं ही गोष्ट गाव दोन दिवस हसून विसरतं. पण पोरगा खोटं नाव खिशात घालून मिरवतो हे कळलं असतं तर सुई-दोऱ्याच्या जागी दुसरं काहीतरी नाव चिकटलं असतं, आणि ते लोणारपर्यंत गेलं असतं.

"हाव, वामनराव," बाबा म्हणाले. "चुकलं माह्यं."

वामनरावांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. मागितलं असतं तर दिलं नसतं का, असं म्हणाले, आणि दादाच्या हातातलं भांडं घेऊन स्वतः बाबांच्या पत्रावळीवर ओंजळभर बुंदी वाढली. अन्न टाकायचं नाही असा आमच्याकडे दंडक. बाबांनी ती सगळी बुंदी खाल्ली, एकेक कळी वेचून. मी, जिनं एका म्हणीसाठी पोरीचं डोकं फोडलं होतं, ती मी तोंड उघडू शकले नाही. एकाच पत्रावळीवर मी दोनदा मीठ वाढलं आणि त्या माणसानं मला झापलं, तेव्हा कुठे पाय हलले.

घरी आल्यावर माय भडकली. बायकांच्या पंगतीपर्यंत गोष्ट पोहोचली होती. कापड तर मी पैसे देऊन बाजारातून आणवलं, तुमी हाव काऊन म्हटलं, ते पट्टी लावली कोणं? असे तिचे प्रश्न. दादा जमिनीकडे पाहत राहिला, मीही पाहत राहिले. बाबांनी टोपी खुंटीला लावली आणि तिला म्हणाले, आता हा विषय या घरात नाही. माय रडली. वीस वर्षं ज्या म्हणीला ती वीत दाखवत आली, तिच्यापुढे आता तिला मान खाली घालायची होती आणि तीही खोटीच. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे संन्यासी स्वतःच फळीवर चढला होता.

गाव दोन दिवसांत विसरेल हा बाबांचा हिशोब मात्र चुकला. आठवड्यानं एक म्हातारे गृहस्थ सदऱ्याचं कापड घेऊन आले आणि बाकावर बसून राहिले. बाबा म्हणाले, परवा या. ते म्हणाले, "समोरच काप ना एकनाथ. मी बसतो, मले काही घाई नाही." बोलले ते गोडच. बाबांनी त्यांच्यासमोर कापड पसरलं, खडू घेतला. कात्रीचा तो न तुटणारा आवाज त्या दिवशी दोनदा तुटला. मी पडद्याआड काज करत होते, सुई बोटात घुसली तरी कळलं नाही. मग तसं वळणच पडलं. कोणी विनोद करत बसायचं, कोणी न बोलता बसायचं, पण बसायचं.

मला ते सोसेना. बाजाराच्या दिवशी, बाबा भाजी आणायला गेले असताना, मी दादाची पँट काढली. दादा ती घरीच टाकून गेला होता. मी सरळ चुलीवर पाणी उकळलं, त्यात मूठभर धुण्याचा सोडा टाकला आणि पँट बुडवली. पाणी बघता बघता निळसर काळं झालं. पिळून काढली तर एक वीत आखूड, चोळामोळा, रंग जागोजागी उडालेला. खरं टेरिलीन असं होत नाही हे शेंबडं पोरही जाणत होतं. मी ती दुकानासमोरच्या दोरीवर, रस्त्याकडे तोंड करून, खिसा उलटा काढून वाळत घातली. येऊ दे बाजारातून अख्खं गाव, पाहू दे, असं माझ्या मनात होतं. दोघं-तिघं थांबून पाहायलाही लागले होते.

तेवढ्यात बाबा आले. हातातली पिशवी पायरीवर ठेवली, ओली पँट दोरीवरून काढली आणि आत घेऊन आले. अंगावर पाणी ठिबकत होतं तरी ती छातीशी धरलेली. मी म्हटलं, बाबा, ती पट्टी मी लावली, मी सगळ्यांना सांगते. रडत नव्हते, ओरडत होते.

"मले मालूम हाय," बाबा म्हणाले. "पंगतीतच वळखली मी. असा टाका धाडात दुसरं कोण घालते, पोरी?"

मग का नाही बोललात, असं मी विचारलं. ते फळीपाशी बसले. म्हणाले, "माह्यं एक नाव गेलं. मी बोललो असतो त तुमची दोन गेली असती. तुले अजून उजवायची हाय." आणि कात्री घेतली. त्यांनी ती ओली पँट वितीवितीचे तुकडे करून कापून टाकली. ओलं कापड कात्रीला जड जातं, आवाज येत नाही. माय पडद्याशी उभी राहून पाहत होती. शेवटी ती सोनेरी पट्टी त्यांनी नखानं उसवली. उसवायला वेळ लागला, मी फार पक्की शिवली होती.

पट्टी वाळवून त्यांनी इस्त्री केली. वामनरावांच्या कापडाचं जे काही कातरण माझ्या डब्यात आणि मायच्या गाठोड्यात सापडलं ते सगळं काढलं, अगदी बोटाएवढे तुकडेसुद्धा, आणि एका फडक्यात बांधून मला बरोबर घेऊन वामनरावांकडे गेले. मी वाटेत म्हटलं, आता तरी सांगा. ते चालत राहिले. ओट्यावर चार माणसं बसलेली. बाबांनी फडकं पुढे ठेवलं आणि म्हणाले, हे तुमचं, माह्याकडे राह्यलं होतं. वामनरावांनी गाठ सोडली, सोनेरी पट्टी उचलून पाहिली, आणि त्यांचे डोळे खरोखर पाणावले. चांगला माणूस होता, हीच तर अडचण. त्यांनी बसलेल्यांना ती पट्टी दाखवली आणि म्हणाले, पाहा, याले इमान म्हणतात, चोरलं पण परत आणून दिलं. मला लाडू दिला, बाबांना चहा. बाबांनी चहा घेतला, कप विसळून ठेवला आणि आम्ही घरी आलो. त्या दिवसापर्यंत गावात निदान थोड्यांना शंका होती. बाबा स्वतः नेऊन ती मिटवून आले.

त्यानंतर बाबांची वीत बंद झाली. गिऱ्हाइकाचं सगळं कातरण, सूतभर का असेना, त्याच्याच कापडाच्या चिंधीनं बांधून कपड्याबरोबर परत. लोक ते गाठोडं दारातच फेकून जायचे, कारण त्याचा कोणाला काय उपयोग? माय ते उचलायला वाकली तर बाबा नको म्हणायचे. आमच्या घरी नव्या गोधड्या शिवल्या गेल्या नाहीत. दादाच्या पँटीचे तुकडे हे आमच्या घरचं शेवटचं कातरण, आणि मायनं ते कशालाच लावले नाहीत.

दादाचं लग्न लोणारलाच झालं. वहिनी गुणाच्या निघाल्या. गुरुजी तर देवमाणूस, पण सणावाराला बसले की एक विनोद ठरलेला: व्याह्याले कापड द्या, पण आधी मोजून द्या. सगळे हसायचे. बाबाही हसायचे. दादा उठून बाहेर जायचा. त्याला मोठी नोकरी लागली, चांगले कपडे त्यानं जन्मभर घातले, पण पँटीच्या खिशात हात घालून उभा राहिलेला मी त्याला कधी पाहिला नाही. आम्ही दोघं बहीणभाऊ त्यावर एक शब्दही बोललो नाही. तो माझ्याकडे यायचा, मी त्याच्याकडे जायचे, भाऊबीज व्हायची, आणि ती गोष्ट आमच्यामध्ये पाटावर बसलेली असायची.

बाबा गेले तेव्हा दहाव्याला पुष्कळ माणसं आली. नदीवरून परतल्यावर ओट्यावर बसून जो तो बाबांची आठवण सांगत होता. वामनराव तेव्हा नव्हते, त्यांचा तो थोरला मुलगा आला होता, ज्याच्या लग्नात हे घडलं. तोही आता केस पिकलेला. सगळ्यांचं झाल्यावर तो अगदी मनापासून म्हणाला, "एकनाथबाबासारखा शिंपी होणार नाही. साऱ्या जिंदगीत एकच डाव कापड मारलं, ते बी लेकासाठी. अन्‌ ते बी परत केलं."

माणसांनी माना हलवल्या. मी दादाकडे पाहिलं, दादानं माझ्याकडे. आत वहिनी होत्या, त्यांची माहेरची माणसं होती, दादाचे जावई होते. बाबा आता राहिले नव्हते, कोणाला वाचवायचं होतं? एक वाक्य पुरलं असतं. मग दादा म्हणाला, "हाव. तसेच होते ते." आणि मीही मान हलवली.

मागच्या उन्हाळ्यात दादा गेला. वहिनी आहेत, त्या हे वाचतील. माझ्या नातीलाही वाचायला देणार आहे. पण ज्यांना दाखवायचं होतं ती माणसं सगळी गेली, आणि धाडमध्ये माझ्या बाबांचं नाव आज कोणाला आठवत असेल तर त्या एका चोरीसाठी आठवत असेल.